डॅक बदलला, पण नेमकं बदललं काय?

कोथरूडमधल्या एका घरातलं हे प्रकरण आहे. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकू शास्त्रीय गाणं शिकलेल्या आणि अजूनही सकाळी रियाजाला बसणाऱ्या. घरात सीडींचा मोठा साठा. जुना सीडी प्लेअर अडखळायला लागला, तेव्हा मुलाने परदेशी जाण्याआधी त्या सगळ्या सीडी फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता साठवणाऱ्या) फाइलींमध्ये उतरवून लॅपटॉपवर ठेवल्या. टीव्हीच्या युनिटमध्ये बऱ्यापैकी चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर. लॅपटॉप मात्र जेवणाच्या टेबलावर, आणि त्याच्या हेडफोन जॅकमधून निघालेली लांबलचक वायर भिंतीच्या कडेकडेने ॲम्प्लिफायरपर्यंत गेलेली.

तक्रारी दोन होत्या, पण त्या एकच आहेत असं घरात सगळे धरून चालले होते. काका म्हणत, गाणं कोंदट येतं, सीडी प्लेअरवर असं नव्हतं. काकू म्हणत, तानपुरा बेसूर लागतो.

काकांनी थोडं वाचन केलं, चार जणांना विचारलं आणि बारा हजारांच्या आसपासचा एक डॅक, म्हणजे फाइलीतल्या आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणारी वेगळी पेटी, मागवला. एका बाजूने यूएसबीने लॅपटॉपला, दुसऱ्या बाजूने आरसीए केबलने ॲम्प्लिफायरला. पहिल्याच संध्याकाळी मला काकांचा फोन आला, "अरे, पडदा बाजूला झाल्यासारखं वाटतंय!" पुढे काही आठवड्यांनी दुसरा फोन, "पंचेचाळीस हजारांचा एक आहे म्हणतात. त्याने अजून किती फरक पडेल?"

मी म्हटलं, काका, ऑर्डर करू नका, आधी येऊन बघतो. पुढचा डॅक घ्यावा की नाही, यापेक्षा आधीच्या डॅकने कुठला पडदा बाजूला केला ते कळणं मला जास्त गरजेचं वाटत होतं.

सीडीवर प्रत्येक चॅनेलचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक नमुना १६ बिटचा. या आकड्यांचं विजेच्या दाबात रूपांतर करणं एवढंच डॅकचं काम. लॅपटॉपच्या जॅकमागेही तेच काम करणारी चिप असतेच. म्हणजे काकांनी डॅक नव्याने लावला नव्हता, एक सोडून दुसरा धरला होता. १९८२-८३ मध्ये फिलिप्सचे पहिले प्लेअर आले, तेव्हा त्यांत टीडीए१५४० ही १४ बिटचीच चिप होती, आणि चौपट ओव्हरसॅम्पलिंग करून (नमुन्यांच्या मधे हिशेबाने आणखी नमुने भरून) तिच्याकडून १६ बिटच्या तोडीचं काम करून घेतलं होतं. तेव्हा खरी अडचण रूपांतराचीच होती. १६ बिटच्या फाइलीत सैद्धांतिक हिशेबाने सुमारे ९८ डेसिबलचा पल्ला मावतो, आणि आज मध्यम किमतीचे डॅक तो आरामात ओलांडतात. त्यामुळे पेटी बदलल्यावर आवाजात मोठा फरक पडला, तर मी आधी पेटीच्या आजूबाजूला बघतो.

आधी जुनी वायर पुन्हा जॅकला लावली आणि एक बडा ख्याल सुरू केला. दोन मिनिटांत काहीतरी विचित्र कानावर आलं. गवई थांबला की मागचा तानपुरा हळूहळू फुगत जायचा, आणि आवाज लागला की लगेच दबायचा. ध्वनिमुद्रणात असं होत नसतं. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये गेलो तर जॅकच्या नावापुढे सगळे साज चढवलेले: लाउडनेस इक्वलायझेशन चालू, बास बूस्ट चालू, शिवाय लॅपटॉपसोबत आलेल्या ॲपमध्ये "मूव्ही" मोड. लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरवर सिनेमाचे संवाद नीट ऐकू यावेत म्हणून ही सोय असते. हळू आवाज वर खेचायचा, मोठा दाबायचा, खालचे सूर वाढवायचे. विलंबित ख्यालाला हेच नेमकं मारक. मींड सुरू होताना एका पातळीवर आणि संपताना दुसऱ्याच पातळीवर, असा प्रकार.

हे सगळे इफेक्ट जॅकच्या ड्रायव्हरला चिकटलेले होते. यूएसबी डॅक लावला की विंडोजच्या लेखी ते वेगळं उपकरण, त्यामुळे इफेक्ट आपोआप बाजूला पडले. काकांचा पडदा तो हाच. इफेक्ट बंद केल्यावर जुन्या जॅकमधूनही कोंदटपणा जवळजवळ गेला. काकांचा चेहरा उतरला. "म्हणजे बारा हजार पाण्यात?"

तसं नव्हतं, पण ते कळायला आवाजाची पातळी मोजावी लागली. एका ठरावीक पातळीचा १०० हर्ट्झचा सूर वाजवून साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजले. (साधे मीटर हजार हर्ट्झला भलतंच काही दाखवू शकतात, ५० ते ४०० च्या टापूत त्यांच्यावर विसंबता येतं.) पूर्ण आवाजाला जॅकमधून १.१ व्होल्ट आणि डॅकमधून २.१ व्होल्ट. सीडी प्लेअरचं रूढ आउटपुट २ व्होल्टचं, डॅकवाले तेच पाळतात. ॲम्प्लिफायरची आवाजाची खुंटी जिथे आहे तिथेच ठेवली तर हा फरक साडेपाच डेसिबलचा झाला, म्हणजे कुणालाही सहज कळेल इतका. फरक अर्ध्या-एक डेसिबलचा असेल तर तो "आवाज मोठा झाला" म्हणून कळतही नाही. "खुलला", "जवळ आला", "तपशील दिसायला लागले" असं वाटतं. दुकानात दोन उपकरणांची तुलना ऐकवतात तिथे मीटर नसेल, तर मी ती तुलना धरतच नाही.

आता काकूंची तक्रार. ती डॅक आल्यावर कमी झाली होती, गेली नव्हती. काका म्हणत, जुनी ध्वनिमुद्रणं आहेत, असायचंच. काकू ऐकायला तयार नव्हत्या. "सगळ्यांचा तानपुरा एकाच बाजूला कसा उतरेल? पंचमच उतरलेला लागतो, षड्ज बरोबर आहे." इतकं नेमकं निदान मला आजवर कुठल्या ऑडिओवाल्याने सांगितलेलं नाही.

गाणं थांबवलं, खुंटी नेहमीच्या जागी ठेवली आणि स्पीकरजवळ कान नेला. बारीक घरघर होती. फोनवरच्या स्पेक्ट्रमच्या ॲपमध्ये ५०, १०० आणि १५० हर्ट्झला सुळके दिसले, त्यातला १०० चा सर्वांत उंच. आपली वीज ५० हर्ट्झची, बाकीचे तिचे हार्मोनिक, म्हणजे तिच्या पटीतले सूर. एवढ्या लहान स्पीकरमधून ५० फारसा बाहेर पडत नाही, १०० मात्र व्यवस्थित पडतो. आता काळी एक या पट्टीचा हिशेब बघा. षड्ज साधारण १३८.६ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या पहिल्या तारेचा मंद्र पंचम त्याच्या पाऊणपट, म्हणजे १०४ ला जरासा कमी. त्याच्या शेजारी स्पीकरमधून अखंड १०० हर्ट्झ चालू. पंचम आणि तीव्र मध्यम यांच्या मधे, तीव्र मध्यमाकडे झुकलेला असा हा सूर, आणि खऱ्या पंचमाशी घासून सेकंदाला चार लहरी उठवणारा. काकांच्या संग्रहात काळी एकमध्ये गाणारे पुष्कळ. पांढरी दोनचा गवई लावला की मंद्र पंचम ११० वर जातो, मग तो उतरलेला वाटत नाही, नुसती खरखर जाणवते. काकूंचं म्हणणं अक्षरशः खरं होतं. तानपुऱ्याला महावितरणचा सूर मिळत होता.

ही घरघर यायची कुठून? ॲम्प्लिफायर तीन पिनांचा, टीव्हीच्या बोर्डवर. लॅपटॉपचा अडॅप्टरही तीन पिनांचा, पण जेवणाच्या टेबलाजवळच्या बोर्डवर, जिथे फ्रिजही आहे. दोन्ही बोर्डांच्या अर्थिंगच्या वायरी भिंतीतून वेगवेगळ्या वाटांनी मुख्य पेटीकडे जातात. या दोन अर्थमध्ये किंचित दाबाचा फरक राहतो, आणि ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीने आपण त्या दोन टोकांना जोडून टाकतो. त्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि तो संगीताच्या सिग्नलमध्ये मिसळतो. यालाच अर्थ लूप म्हणतात. लॅपटॉपची पिन काढून बॅटरीवर चालवला की घरघर बंद. पिन लावली की परत. फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की किंचित वाढायची, हे काकूंनी आधीच टिपलेलं होतं, फक्त त्याचा गाण्याशी संबंध जोडला नव्हता.

डॅकने हा दोष का घालवला नाही? कारण यूएसबी केबलमध्येही ग्राउंडची वायर असतेच. लूप जसाच्या तसा राहिला, फक्त वाटेत एक पेटी वाढली. मग कमी तरी का झाला? तर घरघर शिरत होती ॲम्प्लिफायरच्या खुंटीच्या आधी. डॅकचा सिग्नल दुप्पट जोराचा, म्हणून काकांनी खुंटी साडेपाच डेसिबलने खाली आणली, आणि तिच्याबरोबर घरघरही तेवढीच खाली आली. म्हणजे बारा हजारांचा हा खरा फायदा, जरी तो पाकिटावर लिहिलेल्या कुठल्याही आकड्यातून आलेला नसला तरी.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो. घरघर घालवायला अनेक इलेक्ट्रिशियन आणि काही ऑडिओवालेसुद्धा सांगतात की ॲम्प्लिफायरची अर्थिंगची पिन काढून टाका. घरघर जाते, खरंच जाते. पण धातूच्या पेटीत आत कधी वायर सुटून पेटीला टेकली, तर तुमचा जीव वाचवायला तीच एक पिन असते. हा उपाय करू नका आणि कुणाला करू देऊ नका.

आम्ही आधी फुकटचा उपाय केला. लॅपटॉपचा अडॅप्टर टीव्हीच्याच बोर्डवर लावला. दोन्ही अर्थ एका जागी आल्यावर घरघर खूपच खाली गेली. पण काकांना लॅपटॉप टेबलावरच हवा. तिथे बसून चहा घेत राग निवडायचा, हा त्यांचा कार्यक्रम, आणि तो मोडायचा माझा विचार नव्हता. मग यूएसबी आयसोलेटर, म्हणजे यूएसबीच्या दोन टोकांमधला विजेचा संबंध तोडणारी डबी, बघितला. बाजारात मिळणारे बरेच स्वस्त आयसोलेटर एडीयूएम४१६० या चिपवर असतात. ती १२ मेगाबिटच्या फुल स्पीडपुरतीच चालते, आणि हाय स्पीड यूएसबीवर अडून बसणारे डॅक तिच्यामागे ओळखच देत नाहीत. काकांचा त्यातलाच निघाला.

शेवटी कामी आला प्रकाश. लॅपटॉपजवळ यूएसबीचं ऑप्टिकल करणारी एक लहान डबी आणि तिथून डॅकपर्यंत पाच मीटरची टॉसलिंक केबल. प्लॅस्टिकच्या तंतूतून फक्त उजेड जातो, वीज नाही, त्यामुळे लूप तिथेच तुटतो. टॉसलिंकवर २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झपर्यंत निर्धास्त राहावं, त्यावर प्रत्येक उपकरणाची मर्जी. काकांचा सगळा संग्रह ४४.१ चा, तेव्हा प्रश्नच नव्हता. एवढी काळजी मात्र घेतली की डॅकला वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून न देता फोनच्या दोन पिनांच्या चार्जरने दिली, नाहीतर ऑप्टिकल लावूनही ग्राउंड मागच्या दाराने परत आलं असतं. प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजचा मिक्सर टाळून आवाज थेट उपकरणाकडे पाठवणारी सोय) निवडलं, म्हणजे विंडोजने ४४.१ चं ४८ करायचा उद्योग थांबला. त्याने ऐकण्यात फार फरक पडला असं मी म्हणणार नाही.

मारव्यात पंचम नसतो, म्हणून काकूंनी चालू असलेला मारवा अर्धवट सोडून पुरिया कल्याण लावला, पंचमावर कान ठेवला आणि मान हलवली.

यानंतरच पंचेचाळीस हजारांचा प्रश्न घेतला. तो डॅक काकांच्या एका मित्राकडे होता, चार दिवसांसाठी उसना मिळाला. त्याचं आउटपुट २.० व्होल्ट, काकांच्याचं २.१. म्हणजे ०.४ डेसिबलचा फरक, जो आधी प्लेअरमध्ये ०.१ च्या आत आणला. मग मी पडद्याआड, हातात नाणं. छापा तर एक, काटा तर दुसरा. प्रत्येक वेळी आलापाचा तोच तुकडा. ऐकणाऱ्याने कुठला ते सांगायचं, कागदावर खूण करायची, बरोबर-चूक शेवटी. घाई नाही, पाहिजे तितका वेळ.

१६ फेऱ्यांत काकांचे ९ बरोबर, काकूंचे ७. नुसतं नाणं उडवून अंदाज सांगणाऱ्याचेही १६ पैकी ९ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ४० टक्के असते, म्हणजे यातून फरक ओळखला असं काहीच निघत नाही. निदान १२ बरोबर आले असते, तर मी लक्ष दिलं असतं; तेवढे नशिबाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहून कमी. नाणं उडवणारा मीच आणि खोलीतही मीच, ही या पद्धतीतली उणीव आहे. माझ्या हालचालीवरून काही कळलं असतं तर आकडे वर गेले असते, तसेही गेले नाहीत.

मग उत्सुकतेपोटी लॅपटॉपचा जॅक विरुद्ध बारा हजारांचा डॅक, इफेक्ट बंद, पातळी जुळवलेली, लॅपटॉप बॅटरीवर. इथे काकूंचे १६ पैकी १३ बरोबर. विचारलं, काय ऐकलंत? त्या म्हणाल्या, "गाण्यात काही नाही. सुरू व्हायच्या आधी त्याच्यात बारीक किरकिर आहे." होतीच. माउस हलवला की लॅपटॉपच्या आतल्या घडामोडी जॅकमधून ऐकू येत होत्या. डॅक बाहेर काढण्याचा फायदा बहुतेक घरांत हाच असतो. संगणकाच्या गोंगाटापासून लांब, एवढंच.

मोठ्या प्रमाणावरचा असा प्रयोग मेयर आणि मोरान या दोघांनी केला होता, तो २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात आला. उच्च रिझोल्यूशनच्या ध्वनिमुद्रणाच्या वाटेत त्यांनी १६ बिट, ४४.१ चं रूपांतर मुद्दाम घातलं आणि ऐकणाऱ्यांना ओळखायला सांगितलं. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, जवळजवळ बरोबर निम्मी. त्यावर वाद पुष्कळ झाले, अजूनही होतात. पण ज्या घरात सगळा संग्रह सीडीवरून उतरवलेला, आणि त्यातही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ७८ च्या तबकड्यांची मुद्रणं, तिथे हा वाद लांबचा. त्या तबकड्यांची खरखर १६ बिटच्या तळाच्या कितीतरी वर असते. तिच्या खाली काय आहे ते कुठलाही डॅक दाखवू शकत नाही, कारण तिथे काही नाही.

काकांनी एक शेवटचा मुद्दा काढला, डॅकच्या चिप बनवणाऱ्या दोन कंपन्यांचा. "एकेएमची चिप मऊ वाजते आणि ईएसएसची तीक्ष्ण, असं वाचलं." ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली, चिपांचा पुरवठा आटला आणि अनेक उत्पादकांना आपले डॅक ईएसएसच्या चिपवर नव्याने उभे करावे लागले. चिपचा स्वभाव ठळकपणे ऐकू येत असता, तर असा बदल त्यांना इतक्या सहज पचला नसता. चिपच्या मागचा आउटपुट टप्पा, फिल्टर आणि वीजपुरवठा यांत फरक असतात, मोजताही येतात. फक्त ते या घरातल्या पंख्याच्या आवाजाखाली होते. पंखा बंद करून ऐकणं ही मी सुचवलेली सर्वांत स्वस्त सुधारणा, आणि मे महिन्यात ती कुणी मानत नाही.

खरा फरक करणारी गोष्ट समोरच होती. स्पीकर युनिटच्या कप्प्यात, मागे भिंत, दोन्ही बाजूंना पोकळी. हॉल १६ बाय ११ फूट. लांबीचा पहिला घुमारा ३५ हर्ट्झला, रुंदीचा ५१ ला. डग्ग्यावरची घीस खोलीत घुमते, आणि कप्प्याची पोकळी पुरुषी आवाजाला छातीत सर्दी झाल्यासारखा करते. उसना डॅक परत गेला. त्या पैशांतला अगदी थोडा भाग सुताराला गेला: लाकडी स्टँड, ट्विटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येईल असे, भिंतीपासून दोन फूट पुढे. काकूंनी आधी हॉलचा मोकळेपणा जातो म्हणून नाक मुरडलं, मग एका स्टँडच्या मागे त्यांचा तानपुरा ठेवायला जागा निघाली तेव्हा परवानगी दिली.

दोन्ही स्पीकर सारखे ठेवता आलेले नाहीत. डावीकडे बेडरूमचं दार उघडतं, म्हणून तो स्पीकर कोपऱ्याकडे सरकवावा लागला आणि त्या बाजूला खालचे सूर जरा जास्त येतात. प्लेअरमधल्या इक्वलायझरने तिथले तीन डेसिबल उतरवून दिले. काकांनी दुसऱ्या दिवशी ते परत चढवले. त्यांना डग्गा तसाच आवडतो.